डीकनच्या शेजारची जागा

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या एका खच्चून भरलेल्या चर्चच्या दारात उभे आहात. बाहेरगावी पांगलेली सगळी मंडळी वर्षातून एकदा परत येतात, तो हा रविवार. उकाडा मरणाचा. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा आहे. पंख्याच्या एका बाजूला देवदूताचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानाची जाहिरात. बाकांवर माणसं इतकी दाटीनं बसली आहेत, की एकानं श्वास घेतला तर शेजारच्यानं सोडावा. मधल्या वाटेत घडीच्या खुर्च्या मांडल्या आहेत. तळघरातल्या स्वयंपाकघरातून तळलेल्या माशांचा वास वर येतो आहे. तरीही पुढून तिसऱ्या बाकावर, अगदी वाटेच्या कडेला, एका माणसाची जागा मोकळी आहे.

आणि त्या जागेपाशी एक बाई उभी आहे. काळीसावळी, उंच, सत्तरीला टेकलेली. पांढरा गणवेश, पांढरे मोजे, हातात पांढरे हातमोजे. डावा हात पाठीमागे दुमडलेला. तिथं कुणी बसायला आलं, की ती उजव्या हाताची मूठ छातीपाशी धरते. म्हणजे इथं नाही.

"सिस्टर वर्लीन," क्लीव्ह तिच्या कानाशी आला. तो तिच्या हाताखाली नव्यानं शिकत होता, आणि त्या चर्चमध्ये सगळ्याच बायांना सिस्टर म्हणत. "अहो, अटलांटाचे पाहुणे आलेत. बाई पोटुशी आहे. तेवढी एक जागा द्या ना."

"माझी खुर्ची दे तिला. दारापाशी आहे बघ."

"मग तुम्ही?"

"मला कधी बसलेलं पाहिलंस?"

"नाही, पण ही जागा तर मोकळीच आहे!"

"भरलेली आहे."

"कोण बसलंय?"

"चष्मा पूस आणि पाहुणीला पाणी नेऊन दे."

क्लीव्ह पुटपुटत गेला. त्या मोकळ्या जागेच्या शेजारी डीकन होरेस साइक्स बसले होते. डीकन म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा वडीलधारा माणूस. होरेस साइक्स यांनी मान वळवली नाही. पण त्यांच्या हातातला पंखा मघापासून हलायचा थांबला होता.

वर्लीन टब्सनं ती जागा का अडवून धरली होती, ते कळायला आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

वर्लीननं सगळं आयुष्य शाळेची पिवळी बस चालवली. सकाळी मुलं न्यायची, दुपारी आणून सोडायची. मुलांची तोंडं तिनं समोरून फारशी पाहिलीच नाहीत. पाहिली ती डोक्यावरच्या आरशात. कोण रडत चढलं, कोण डबा न घेता आलं, कुणाची कुणाशी बोलाचाली बंद आहे, हे तिला आरशात दिसायचं. ती काही बोलायची नाही. फार तर उतरताना एखाद्याच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवायची. आणि रविवारी ती चर्चमध्ये लोकांना जागा दाखवायची. तिकडे या सेवेकऱ्यांना अशर म्हणतात. अशरनं प्रार्थना चालू असताना तोंड उघडायचं नसतं. सगळं हातांच्या खुणांनी. दोन बोटं दाखवली की दोन जागा, तळहात खाली केला की थांबा. तरुणपणी एकदा हातमोजे घातले, ते तिनं पुन्हा उतरवलेच नाहीत असं लोक थट्टेनं म्हणत.

बसची नोकरी सुटल्यावर दिवस खायला उठले होते. तेव्हा एके दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात थिया ब्रॅनम येऊन उभी राहिली.

थिया चर्चच्याच गल्लीतली. आता नदीपलीकडच्या विद्यापीठात प्राध्यापक, नावापुढे डॉक्टर. केस बारीक कापलेले, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. चर्चला यायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. ती एका बाईबरोबर संसार करते हे गल्लीला माहीत होतं, आणि गल्ली त्याबद्दल तिच्या आईसमोर बोलत नसे, एवढंच.

"सिस्टर वर्लीन, मला तुम्ही हव्या आहात," ती म्हणाली.

"मला भाजी निवडायची आहे. निवडू लाग आणि सांग."

थियानं बाही वर केली आणि पाल्याची जुडी ओढून घेतली. मग सांगितलं. दोन मुलांनी एकच चूक केली, तर त्यातलं एक संध्याकाळी घरी जातं आणि दुसरं कोठडीत राहतं, असं का होतं, याचा ती अभ्यास करत होती. कातडीच्या रंगानं काय होतं ते आपल्या लोकांना सांगायला नको. पण त्यातही ज्या मुलग्यांना मुलगेच आवडतात किंवा ज्या मुलींचा जीव मुलींवर जडतो, अशा मुलांकडे कुणी पाहतच नव्हतं. त्यांना घरच्यांनीच बाहेर काढलेलं असतं. घर नाही म्हणून ती रस्त्यावर, रस्त्यावर दिसली म्हणून पोलिसांच्या ताब्यात. आणि कोर्टात न्यायला कुणी येत नाही, म्हणून आत.

"मग मी काय करायचं? मला काय कळतं कोर्टातलं?"

"बसायचं आणि बघायचं. मुलांचं कोर्ट बंद दाराआड चालतं, पण न्यायाधीशांनी आमच्या माणसांना मागच्या बाकावर बसू द्यायचं कबूल केलंय. मुलाबरोबर कोण आलं, न्यायाधीश बोलताना मुलाकडे बघतात की कागदाकडे, काय ठरलं ते त्याला कुणी समजावून सांगितलं का, एवढंच टिपायचं. पण तिथं ऐकलेलं बाहेर एका शब्दानं बोलायचं नाही. तशी शपथ घ्यावी लागते."

"तोंड मिटून मागं उभं राहायचं," वर्लीन म्हणाली. "दुसरं काय केलंय मी जन्मभर?"

"म्हणून तर आले."

अशी वर्लीन कोर्टात जाऊ लागली. तिला ते काम आवडलं असं नाही म्हणता येणार. किती तरी दिवस तिला घरी येऊन जेवण गेलं नाही. पण जे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या आतून माहीत आहे ते कुणी तरी शांतपणे, कागदावर, कुणाला नाकारता येणार नाही असं मांडत आहे, आणि त्यात आपल्या डोळ्यांचा उपयोग होतो आहे, याचं तिला समाधान होतं. थियानं आपल्याला विचारलं, याबद्दल ती मनोमन तिचे आभार मानी.

मग एका मंगळवारी टेरियन आत आला.

टेरियन साइक्स. डीकन होरेस साइक्सचा नातू. पंधरा वर्षांचा, हातपाय लांबच लांब झालेले, पण चेहरा अजून तोच. आई गेल्यापासून आजोबांनीच वाढवलेला. मुलांच्या गायनात तो पहिल्या रांगेत असायचा. दर रविवारी आजोबांच्या शेजारी, तिसऱ्या बाकावर, वाटेच्या कडेला. गेले काही रविवार तो दिसला नव्हता. डीकन सांगत, "त्याच्या मावशीकडे गेलाय."

वर्लीननं पेन्सिल खाली ठेवली. ओळखीचं मूल आलं तर टिपायचं नाही, असा नियमच होता. पण कान काही खाली ठेवता येत नाहीत.

टेरियनला एक मुलगा आवडत होता. कुणा तिसऱ्याच मुलाच्या तोंडून ते आजोबांच्या कानावर गेलं. आजोबा म्हणाले, माझ्या घरात हे चालणार नाही. टेरियन त्यांच्या जुन्या गाडीत झोपू लागला. उकाड्यानं जीव घुसमटला म्हणून गार हवेसाठी गाडी चालू केली, आणि पेट्रोल संपत आलेलं दिसलं म्हणून दोन गल्ल्या पलीकडच्या पेट्रोल पंपावर नेली. सकाळी आजोबांनी अंगणात गाडी पाहिली नाही आणि पोलिसांना फोन केला.

"गाडी कुणी नेली असेल हे त्यांना माहीत होतं?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"त्यांनी नावच सांगितलं होतं," मुलाची वकील म्हणाली. ती तरुण होती, आवाज बसलेला. "मी त्यांना रोज फोन करते. ते उचलत नाहीत."

"आज कुणी आलंय याच्यासाठी?"

बाकं मोकळी होती. टेरियननं मागं वळून पाहिलं. वर्लीन दिसताच त्याची नजर क्षणभर थांबली आणि मग तो पुढं पाहू लागला. त्याच्या मानेवर घाम आला होता. चर्चमधल्या बाईनं आपल्याला इथं पाहिलं, याचीच त्याला जास्त लाज वाटली असावी.

न्यायाधीश बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मुला, तुला सोडायचं म्हटलं तरी मी कुणाच्या हाती सोडू? पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. तेव्हाही घरचं कुणी आलं नाही, तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला सुधारगृह आहे तिथं पाठवण्यावाचून माझ्यापुढे मार्ग नाही. तू अठराचा होईपर्यंत. कळलं?"

"हो, बाई."

त्या दिवशी वर्लीन घरी गेलीच नाही. नदी ओलांडून थेट थियाच्या विद्यापीठातल्या खोलीत गेली आणि हातमोज्यांची जोडी टेबलावर आपटून म्हणाली, "मी टेरियनच्या आजाला सांगणार."

"काय सांगणार?"

"की पोरगं जातंय हातचं! म्हातारा समजतोय, दोन दिवस आत राहील आणि अक्कल येईल. त्याला माहीतच नाही काय होणार आहे ते."

थियानं दार लावून घेतलं. "सिस्टर, बसा."

"मी बसत नसते."

"तुम्ही तिथलं बाहेर बोललात, तर उद्या कोर्टाचं दार आपल्याला बंद होईल. ते एक वेळ जाऊ द्या. पण उद्या दुसरं एखादं मूल आत येईल आणि मागच्या बाकावर गल्लीतली बाई बघून त्याला वाटेल, संध्याकाळपर्यंत ही सगळीकडे पोचवणार. टेरियनला आज तेच वाटलं असेल. तुमच्या तोंडून ते बाहेर जाणार नाही, एवढी एकच गोष्ट आपण त्याला देऊ शकतो."

"आणि तो गेला तर?"

थियानं खिडकीबाहेर चेंडू खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "वकील हातपाय मारतेय. मीही मारते. पण घरचं माणूस ते घरचं माणूस. सिस्टर, मी तुम्हाला कधी बोलले नाही. मी सतरा वर्षांची होते तेव्हा एका मुलीला लिहिलेली माझी चिठ्ठी सापडली होती. सगळ्या चर्चला कळलं. पुढच्या रविवारी मी दारात आले तर लोक बाकावर पसरून बसले. मला जागा होऊ नये म्हणून. परत फिरणार होते. तेवढ्यात तुम्ही आलात, हात पुढं केलात आणि सगळ्यांच्या देखत मला पहिल्या बाकावर नेऊन बसवलंत. त्या दिवशी मी परत फिरले असते, तर कुठं गेले असते देव जाणे. जे काही पुढं शिकले ते त्या बाकाच्या बळावर."

वर्लीनचं तोंड उघडंच राहिलं. "थिया… पोरी, मला काही माहीतच नव्हतं."

"म्हणजे?"

"तुझ्या चिठ्ठीचं! मला त्या आठवड्यात दाढ दुखत होती, मी कुणाशी बोलतच नव्हते. पहिला बाक मोकळा होता. आणि रेव्हरंडला पहिला बाक मोकळा दिसला की प्रवचन लांबायचं. म्हणून नेलं तुला."

थिया तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. वर्लीनलाही. दोघी इतक्या हसल्या, की शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकानं भिंतीवर टकटक केलं. हसता हसता थियाचे डोळे भरून आले.

"तरी थँक यू," ती म्हणाली.

"दाढेला म्हण," वर्लीन म्हणाली. "पण थिया, माहीत असतं ना, तर नेलं असतं का तुला? खरं सांगू, मला नाही सांगता येत. मी बायबल वाचणारी बाई. हे सगळं मला नीट कळत नाही अजून."

"आता काय वाटतं?"

वर्लीननं हातमोजे उचलले, पण बराच वेळ घातले नाहीत. "आता एवढंच कळतं की पोरगं आत आहे आणि रविवारी मी दारात असणार."

परतीच्या बसमध्ये तिला तिची जुनी बस आठवली. एखादं मूल आजारी पडलं, की त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसायचं नाही. मुलांना कुणी शिकवलं नव्हतं. उभी राहून लोंबकळतील, पण तिथं बसणार नाहीत. "ती लोरेटाची आहे," म्हणत. आरशात ती मोकळी जागा तिला भरलेल्या जागांपेक्षा आधी दिसायची.

त्या रविवारी डीकन साइक्स येऊन बसले तेव्हा त्यांच्या शेजारी पांढरी फीत बांधलेली नव्हती, पाटी नव्हती. फक्त कुणी तिकडे वळलं की वर्लीनची मूठ छातीपाशी यायची. पहिल्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या रविवारी डीकनांच्या ध्यानात आलं.

"सिस्टर, कुणाला तरी बसवा इथं."

"भरलेली आहे, डीकन."

"इथं कुणी नाही."

वर्लीननं मूठ छातीपाशी धरली. प्रार्थना सुरू झाली होती, आणि प्रार्थना सुरू झाल्यावर अशर बोलत नाही.

बाया कुजबुजू लागल्या. कुणी म्हणे, वर्लीनला म्हातारचळ लागला. कुणी म्हणे, तिचा डीकनवर डोळा आहे, विधुर माणूस, स्वतःचं घर आहे. हे ऐकून वर्लीनला स्वयंपाकघरात ठसका लागला. पुढं तर रेव्हरंडनीच तिला बोलावून घेतलं.

"सिस्टर वर्लीन, त्या जागेची काय भानगड आहे?"

"रेव्हरंड, व्यासपीठावर कोण बोलणार यात मी कधी पडले का?"

"नाही."

"मग वाटेवरचं माझ्यावर सोडा."

रेव्हरंडनी दाढी खाजवली. तेही काही डोळे मिटून नव्हते. टेरियन दिसत नाही हे त्यांनाही दिसत होतं. ते म्हणाले, "सोडलं."

आणि मग आला तो परतभेटीचा रविवार, जिथून आपण सुरुवात केली. पोटुशा पाहुणीला वर्लीनची खुर्ची मिळाली. वाट माणसांनी तुंबली होती. सगळ्या चर्चला आता ती एकच जागा दिसत होती, आणि तिच्या शेजारी बसलेला माणूस. गाणं वर चढलं. मुलांची रांग गायला उभी राहिली. तिथं एक आवाज कमी होता, आणि ज्यांना गाणं कळतं त्यांना तो कमी असलेला आवाज ऐकू येत होता.

गाण्याच्या ऐन मध्यावर डीकन साइक्स उठले. डोक्यावर हॅट चढवली, जी चर्चमध्ये कुणी चढवत नाही, आणि गर्दीतून वाट काढत सरळ बाहेर गेले.

संपलं, वर्लीनला वाटलं. चारचौघांत त्या माणसाचं नाक कापलं मी. आता तो मुलाचं नावसुद्धा घेणार नाही. हात पाठीमागे धरून ती उरलेली प्रार्थनाभर तशीच उभी राहिली.

जेवणं उरकल्यावर ती तळघरात भांडी विसळत होती. बाकीच्या बायका अंगणात पाहुण्यांना निरोप देत होत्या. दार वाजलं. होरेस साइक्स. हॅट हातात.

"वर्लीन."

"मासे संपलेत, होरेस. पीचचं गोड थोडं उरलंय."

"मला खायचं नाहीये. तुला काय माहीत आहे?"

"मला काही माहीत नाही."

"तू तिकडे कोर्टात जातेस. थियाबरोबर. गल्लीला माहीत आहे. तू बघितलंस त्याला?"

वर्लीननं नळ बंद केला. हात पुसले. या माणसाला आता एक वाक्य पुरेसं होतं. फक्त एक. ते तिच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबलं होतं. तिनं ते गिळलं.

"होरेस, त्याबद्दल मला विचारू नकोस. तुझा फोन वाजला, तर तो उचल."

"ती वकिलीणबाई रोज फोन करते. ती मला काय सांगणार? मुलगा मुलग्याशी…" त्यांना पुढं बोलवेना. "मी त्याला प्रार्थना शिकवली, वर्लीन. माझ्या मांडीवर बसवून. तुला कळतं का तो काय आहे?"

"नाही कळत. मी काही थियासारखी शिकलेली नाही. मला दारात उभं राहता येतं, तेवढंच करते मी. आत येणाऱ्याला मी आजवर विचारलं नाही, की तू कोण आहेस आणि काय करून आलास." ती थांबली. "तुलाही विचारलं नव्हतं."

होरेस साइक्स यांची नजर हॅटच्या कडेवर गेली. बायको गेल्यानंतरच्या त्या वर्षी ते असेच एका रविवारी आले होते. अंगाला दारूचा वास, एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपात. लोकांनी नाकाला रुमाल लावले होते. कुणी तरी मात्र पांढऱ्या हातमोज्यातला हात पुढं केला होता, तिसऱ्या बाकाकडे, वाटेच्या कडेला, म्हणजे मळमळलं तर पटकन बाहेर जाता यावं.

"तेव्हापासून मी त्याच बाकावर बसतो," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे. मीच बसवते ना."

त्यांनी थोडं गोडही घेतलं नाही. जिना चढून गेले. ते रागावून गेले की कसे, हे वर्लीनला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही, आणि आरसा तर तिच्याजवळ आता नव्हता.

मूल ओळखीचं, म्हणून सुनावणीच्या दिवशी वर्लीनला आत जायची मनाई होती. तिच्या जागी थिया स्वतः मागच्या बाकावर बसली. वर्लीन कोर्टाच्या बोळात भिंतीशी उभी राहिली. कुणी तरी म्हणालं, "बाई, बाक आहे की." ती म्हणाली, "असू दे." लिफ्ट बंद होती. जिन्यावरून माणसं येत-जात होती. वकील, शिपाई, कडेवर बाळ घेतलेली एक आई. टेरियनला बाजूच्या दारानं आत नेलं. मुख्य दार लागलं. जिना रिकामा झाला.

तिनं डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, मला हे कळत नाही, पण तुला कळतंय असं धरून चालते.

मग जिन्यात एक पाय वाजला, आणि बऱ्याच वेळानं दुसरा. कठडा धरून होरेस साइक्स वर येत होते. गुडघ्यानं दगा दिला होता, कोट घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी वर्लीनला पाहिलं. वर्लीननं मान किंचित लववली, बस्स. दारावरचा शिपाई पुढं झाला.

"आत चालू आहे, आजोबा. तुम्ही कोण?"

"मी त्याचा आजा," होरेस धापा टाकत म्हणाले. "आणि गाडीची तक्रार माझीच आहे. मला ती मागं घ्यायचीय."

शिपायानं दार उघडलं. दार मिटताना आतून खुर्ची घाईनं मागं सरकल्याचा आवाज आला. बाकी वर्लीनला काही दिसलं नाही. आत काय झालं ते थियानं तिला कधी सांगितलं नाही. शपथ ती शपथ.

पण बऱ्याच वेळानं थिया बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून वर्लीनच्या जिवात जीव आला. थियानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सिस्टर, तुम्ही बोललात काही?"

"एक शब्द नाही."

"मग केलंत तरी काय?"

"जागा धरली," वर्लीन म्हणाली. "आणि या वेळी मला माहीत होतं, थिया."

थियानं तो हात सोडला नाही. दोघी बोळाच्या टोकाच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून कोर्टाच्या बाहेरच्या पायऱ्या दिसत. उंच, दगडी, खालच्या रस्त्यापर्यंत उतरत गेलेल्या.

टेरियन आधी बाहेर पडला. एका कागदी पिशवीत त्याचे कपडे होते. त्याच्या मागून आजोबा.

"भूक लागली असेल," आजोबा म्हणाले. खिडकी उघडी होती, आवाज वर येत होता.

"नाही."

"वाटेत काही घेऊ."

"नको म्हटलं ना."

आजोबांनी हॅट काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मी फोन करायला नको होता."

टेरियन भराभर पायऱ्या उतरू लागला, मोकळ्या हवेत आलेलं मूल उतरेल तसा. आजोबांनी पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला. धरायला तिथं कठडा नव्हता. त्यांनी दुसरा पाय उचलला, पुन्हा होता तिथंच ठेवला, आणि हॅट उगाचच या हातातून त्या हातात घेतली. हाक मात्र मारली नाही.

पाच-सहा पायऱ्या खाली गेल्यावर टेरियन थांबला. मागून पावलं येत नाहीत हे त्याच्या कानांनी टिपलं असावं. तो कितीतरी वेळ रस्त्याकडेच तोंड करून उभा होता. मग तोंड तसंच ठेवून, एकेक पायरी मागं मागं चढत तो वर आला. कागदी पिशवी त्यानं डाव्या बगलेत धरली, आजोबांकडे न बघता उजवा कोपर थोडा बाहेर काढला, आणि तो हात धरला जाईपर्यंत तसाच उभा राहिला.